मशीन चालू आहे

आमच्या मॅडम शवविच्छेदन खोलीत बोलल्या, की बाहेर चहावाल्याची किटली हलायची. नगरला मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. आम्ही शिकाऊ डॉक्टर पाठीमागे त्यांना 'भोंगा' म्हणायचो. हे त्यांच्या कानावर गेलंच. "भोंगा तर भोंगा! माझ्या पेशंटांची काही तक्रार आहे का?" एवढंच म्हणाल्या. आता त्या निवृत्त होऊन भिंगारला राहतात. शेजाऱ्यांना देवच तारो.

पेसमेकरवर त्यांचा भारी जीव. प्रेत आलं की आधी गळ्याच्या हाडाखाली बोटं फिरवायच्या, उंचवटा लागला की चेहरा खुलायचा. "काढल्याशिवाय द्यायचं नाही हं! चितेत फटाका वाजला तर लोक माझ्याच दारात येतील." आणि काढण्याआधी ते यंत्र वाचायचंच, हा त्यांचा हट्ट. शेवटच्या ठोक्यांची नोंद त्यात राहते ना!

एकदा सोनईकडचे एक आबा आले. शेतात एकाएकी कोसळले, म्हणून पोलिसांनी पाठवलेले. मॅडमनी वाचायचं उपकरण छातीवर धरलं आणि गरजल्या, "अरे वा, अजून चालू आहे!"

झालं! बाहेर एकच गलका उठला, "आबा चालू हायेत!" पुतण्या दारावर धडका मारायला लागला, "कापू नका वो!" दुसऱ्या एका शहाण्याने तर गावाकडे फोन लावून तिरडी सोडायला सांगितली.

मॅडम धावत बाहेर आल्या. "अरे, मशीन चालू आहे, माणूस नाही!"

"मशीन चालू, मग आबा बंद कसे?" पुतण्या हटेना.

"ते हाका मारतंय रे बाबा. काळीज ओ देत नाही."

पुतण्या मटकन खाली बसला. तेवढ्यात इतका वेळ भिंतीशी गप्प बसलेली आबांची बायको उठून पुढे आली.

"बाई, मशीन बंद पडलं न्हाई, हे खरं हाय का? डॉक्टर म्हनले हुते, मोबाईल छातीपाशी ठिवू नका. पन ह्ये वरच्याच खिशात ठिवायचे. सकाळी आमचं भांडान झालं अन् भाकरी न खाताच रानात गेल्ते. मंग मी फोन लावला. लई येळ वाजला. मानसं बघाया गेली तर ह्ये पडलेले. माझ्या फोननंच गेले वो."

मॅडमनी पोलिसाकडून आबांचा मोबाईल मागून घेतला. आधी यंत्राचं घड्याळ बरोबर आहे का ते तपासलं, मग दोन्हीकडच्या वेळा शेजारी शेजारी धरल्या.

"मावशी, तुमच्या फोनने काही झालेलं नाही. ठोके आधीच बिघडले होते. तुम्ही फोन लावलात तेव्हा ते गेलेले होते."

मावशींनी विचारलं, "म्हंजी, म्हनून उचलला न्हाई?"

"म्हणूनच."

"अगं बाई! अन् मी आपली म्हनत बसले, रुसलाय म्हातारा," असं म्हणून त्या हसल्या, आणि मॅडमच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागल्या.