मोठ्याने वाच

दातांच्या दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत ती कवळ्या बनवायची, म्हणून सगळे तिला कवळीवालीच म्हणत. प्लास्टरच्या ठशावर मेणाची हिरडी चढवायची, तिच्यात एकेक दात बसवायचा, मग कड अशी घासायची की म्हाताऱ्या माणसाच्या जिभेला टोचू नये. डॉक्टर कधीकधी थट्टेने विचारत, "तुमचा कुणावर दात आहे का हो?" ती मान वर न करता म्हणायची, "आहेत की. दोन डबे भरून."

एकावर तिचा खरोखरच दात होता, नवऱ्यावर. नवरा फर्निचरच्या शोरूममध्ये विक्रेता. बोलायला इतका गोड, की सोफा बघायला आलेलं गिऱ्हाईक जाताना कपाटही घेऊन जाई. त्याची दुसऱ्या शहरात बदली झाली, तो गेला आणि गेला तो गेलाच. त्याची आई मात्र मागे राहिली. तिला अर्धांगवायूचा झटका आलेला, एक बाजू लुळी. कवळीवालीने सासूबाईंना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. वाकड्या झालेल्या जबड्यात बसेल अशी कवळीही करून दिली. सासूबाई गेल्या तेव्हा नवरा एका दिवसापुरता आला, सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला आणि परत गेला. नंतर कधीतरी फोनवर म्हणाला, "कोर्टाचं उरकलंय सगळं. आता तू मोकळी, मी मोकळा."

तिने खात्री करून घेतली नाही. कोर्टाच्या जिन्यावर चढायचं त्राण तेव्हा तिच्यात नव्हतं. मोकळी तर मोकळी, म्हणून ती कामाला लागली.

पुढे काही वर्षांनी त्याचा पुन्हा फोन आला. आवाज तोच, तुपात घोळलेला.

"अगं, एक काम होतं. मी लग्न करतोय. नोंदणीला घटस्फोटाच्या निकालाची नक्कल मागतायत. त्या वेळी मी सगळं वकिलावर सोपवलं होतं, त्याने मला ती दिलीच नाही. तू तिथेच आहेस, कोर्टात जाऊन काढ ना एक. मला सुट्टी मिळत नाही."

"कुणाशी करताय?"

"औषधांचं दुकान आहे तिचं. विधवा आहे. फार समजूतदार."

"बघते," ती म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं. त्याने सांगायचं आणि तिने बघायचं, ही जिभेला लागलेली सवय. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. पण गेली.

जिल्हा न्यायालयाची रेकॉर्ड रूम तळघरात होती. लोखंडी मांडण्या छताला टेकलेल्या, मधून एकच माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. खिडकीशी बसलेल्या कारकुनाने साल विचारलं. तिला नक्की सांगता येईना.

"नवऱ्याच्या नावाने शोधतो," तो म्हणाला. "नकलेचा अर्ज भरून ठेवा आणि उद्या या."

दुसऱ्या दिवशी फाईल निघाली होती. कारकुनाने ती पुढे केली खरी, पण हात लगेच सोडला नाही.

"बाई, यात निकाल नाहीये."

"म्हणजे?"

"त्यांनी अर्ज दाखल केला आणि नंतर एकाही तारखेला आले नाहीत. शेवटी गैरहजर म्हणून अर्ज काढून टाकला. घटस्फोट झालेलाच नाही. कागदोपत्री तुम्ही अजून त्यांच्या पत्नी आहात."

बाहेरच्या बाकावर बसून तिने तो अर्ज वाचला. पत्नी भांडकुदळ आहे. पत्नी सासूला उपाशी ठेवते. पत्नीने सासूला जिन्यावरून ढकलल्यामुळे तिला पक्षाघात झाला. पत्नी घर सोडून परपुरुषाकडे राहते, आणि पुढे त्या परपुरुषाचा पत्ता. त्या गल्लीचं नावही तिने कधी ऐकलं नव्हतं. नोटीस तिथे गेली आणि तशीच परत आली. खाली नवऱ्याची ऐटबाज सही. तारीख तिने दोनदा वाचली. त्या दिवसांत सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि ती दर दोन तासांनी उठून त्यांना वळवत होती.

दातओठ खाणं म्हणजे काय, ते तिला त्या बाकावर कळलं. जबडा दुखेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठून खिडकीशी गेली आणि म्हणाली, "शिक्क्याच्या दोन प्रती द्या."

एक प्रत तिने एका वकीलबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे शेवटपर्यंत वाचली.

"दोन रस्ते आहेत. दोघांच्या संमतीने केलंत तर लवकर सुटाल. भांडून केलंत तर वेळ लागेल."

"त्याला जास्त त्रास कशाने होईल?"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "हा प्रश्न लोक सहसा मनातल्या मनात विचारतात."

"मी तोंडाने विचारतेय."

"मग भांडून. असे खोटे आरोप लेखी करणं हाच छळ, असं आपण मांडू. त्याची स्वतःची सही आहे, नाकारणार कसा?"

तिने त्याच आठवड्यात अर्ज दाखल केला. समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवायचं असं विचारल्यावर तिने शोरूमचा पत्ता सांगितला. भर गर्दीच्या वेळी, एका जोडप्याला पलंग दाखवत असताना, मालकादेखत त्याच्या हातात ते पडलं. हे तिला नंतर कळलं, आणि त्या दिवशी ती कामावर चक्क गुणगुणत होती.

दुसरी प्रत घेऊन ती बसने नवऱ्याच्या शहरात गेली आणि विचारत विचारत त्या विधवेच्या दुकानाशी पोचली. आत साठीकडे झुकलेली एक बाई गल्ल्याशी बसली होती. कवळीवालीने आपण कोण ते सांगितलं आणि कागद पुढे सरकवले. दुकानवालीने ते वाचले, मध्येच एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं, परत वाचले.

"यातलं खरं काय?"

तिला वाटलं होतं, ही बाई रडेल, नाहीतर चिडेल. ती नेमकं हेच विचारेल हे कवळीवालीच्या ध्यानीमनी नव्हतं. क्षणभर आपणच आरोपी आहोत असं तिला वाटलं.

"लग्न अजून मोडलेलं नाही, एवढंच खरं. बाकी सगळं खोटं."

"तुम्ही माझं भलं करायला आलात, की त्याचं वाईट करायला?"

"त्याचं वाईट करायला."

"बरं झालं, सरळ सांगितलंत," दुकानवाली म्हणाली. "भलं करायला येणाऱ्यांची मला धास्ती वाटते. बसा, चहा मागवते."

त्याच संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आवाजातलं तूप पार गोठलेलं. "तू तिच्याकडे कशाला गेलीस? अगं, ते सगळं वकिलाने लिहिलं, मी नुसती सही केली! आपण संमतीने करू ना. म्हणशील ते करतो."

"म्हणेन ते?"

"शपथ."

तिने अट घातली. वकीलबाई म्हणाल्या, न्यायाधीशांना असल्या गोष्टींसाठी वेळ नसतो. पण समुपदेशकाच्या खोलीत दोन्ही बाजूंची तयारी असेल तर होईल. आणि तसंच झालं. लहानशी खोली, एक टेबल, भिंतीला लावलेल्या खुर्च्या. नणंद आली होती. दुकानवालीही आली, मागच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली. नवऱ्याच्या हातात त्याचाच जुना अर्ज. अट हीच: एकेक आरोप वाचायचा आणि तो खोटा आहे असं म्हणायचं.

पहिले दोन त्याने भरभर उरकले. जिन्यावर येऊन अडकला.

"हे... हे राहू दे ना."

आयुष्यभर ती त्याला अहोजाहो करत आली होती. आता म्हणाली, "मोठ्याने वाच."

त्याने बहिणीकडे पाहिलं. नणंदेचे डोळे भरलेले. पण ती म्हणाली, "वाच दादा. आईचं कोण करत होतं, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. मी तरी कुठे आले होते?"

"पत्नीने माझ्या आईला जिन्यावरून ढकललं," तो पुटपुटला. "हे... खोटं आहे."

"ऐकू नाही आलं."

"खोटं आहे!" तो ओरडला. समुपदेशकाने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. परपुरुषापर्यंत पोचला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. कवळीवालीने एकही शब्द निसटू दिला नाही. सगळं संपल्यावरच तिने संमतीच्या अर्जावर सही केली.

बाहेर व्हरांड्यात तो तिच्या मागे आला. "झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली.

आणि ते खरं होतं. लोक म्हणतात, सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं. तिला तसलं काही झालं नाही. सडकून भूक लागली. कोर्टासमोरच्या खानावळीत नणंदेसोबत ती पोटभर जेवली, आणि नणंदेने माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा म्हणाली, "तुमची पाळी नंतर. आधी जेवा."

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात यायला त्यानंतरही बरेच महिने गेले. तोवर दुकानवालीने त्याला भेटणं बंद केलं होतं. त्याने काही निरोप पाठवले, एकदा दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. तिने त्याला गिऱ्हाइकासारखं विचारलं, "काय हवंय?" आणि मग पुढच्या माणसाकडे वळली. शोरूममध्ये तो अजून आहे, पण आता त्याला गोदामात माल मोजायला बसवलंय. दोन बायकांनी संगनमत करून आपलं वाटोळं केलं असं तो सांगत फिरतो.

हे कानावर आलं तेव्हा कवळीवाली एका आजोबांची खालची कवळी बसवून बघत होती. तिने त्यांना चावून दाखवायला सांगितलं, कुठे दुखतंय ते विचारलं आणि कडेचा अगदी बारीक भाग घासून काढला.