ओवाळलेलं औषध

कर्णपुऱ्याच्या देवीशी मी त्या वर्षी अबोला धरला होता. देवाशी भांडणारी तू कोण, असं कोणीही म्हणेल. पण ज्याच्यावर आपला हक्क असतो त्याच्याशीच माणूस भांडतं. लहानपणापासून एकही नवरात्र मी तिच्या जत्रेला चुकवलं नव्हतं. धाकट्या लेकीचं, कुसुमचं लग्न जुळलं तेव्हा पहिला पेढा तिच्यापुढेच ठेवला होता. एवढं करून तिनं मला काय दिलं, तर दवाखान्याच्या फरशीवर टाकलेली चटई आणि उशाशी तापानं फणफणलेली लेक.

पोलीस ॲक्शनला तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. गुलमंडीवर आमचं कापडाचं दुकान, आणि घर त्याच्याच मागे. कुसुमचं नाक लहानपणी टोचलं होतं, पण शाळेतल्या मुली चिडवतात म्हणून तिनं चमकी काढून ठेवली आणि भोक बुजलं. आता नथीवाचून नवरी बोहल्यावर कशी उभी राहणार? सासूबाई म्हणाल्या, "तार देवीच्या पायाला लावून आण, म्हंजे नाक चिघळत नाय." तशी मी सोन्याची तार देवीच्या पायाला लावून आणली. सराफ्यातल्या सोनारानं नाक टोचलं, आणि आम्ही रोज हळद-तेल लावत राहिलो. थोड्याच दिवसांत तिथं पुळी आली. पुळी आली तर आली, कोणाला येत नाही? शेजारच्या काकूंना ती पिकल्यासारखी दिसली, त्यांनी दाबली. मग ओठ सुजला, मग गाल, मग एक डोळा मिटला, आणि पोर तापात काहीबाही बडबडायला लागली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ती तार कापून काढली. सासूबाई कळवळल्या. देवीच्या पायाची तार लग्नाआधी उतरवायची म्हणजे केवढा अपशकुन! "आजी, तार राहिली तर पोर राहणार नाही," एवढंच डॉक्टर बोलले. मग त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपासच्या शिरा आत मेंदूकडे जातात, म्हणून तिथली पुळी कधी दाबू नये. दाबली की विष बाहेर यायच्याऐवजी आत शिरतं. मी विचारलं, "पण हा जंतू आला कुठून? सोनाराच्या सुईतून?" ते म्हणाले, "सुईतूनही आला असेल, हातातूनही. पण बहुतेक तो तिच्याच नाकात होता. कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात, कातडीवर हा बिनभाड्याचा भाडेकरू म्हणून राहतो. काही त्रास देत नाही. कातडीला भोक पडलं की मात्र आत घुसतो. मग कुठं गळू, कुठं हाडात पू, आणि रक्तात गेला तर सगळंच अवघड."

पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. त्या काळी आम्हाला पेनिसिलिन म्हणजे रामबाण वाटायचं. पण ताप हटेना, आणि सूज दुसऱ्या डोळ्याकडे सरकायला लागली. मी देवीकडे तोंड फिरवलं ते तेव्हा. तुझ्याच पायाच्या तारेनं माझी लेक घेतेस होय, असं मनात म्हटलं आणि गळ्यातला तिचा टाकसुद्धा काढून पिशवीत टाकला.

मग एका दुपारी डॉक्टरांनी मला तपासणीच्या खोलीत बोलावलं. कुसुमच्या गालातला पू त्यांनी काचेच्या एका ताटलीत वाढवला होता. ताटलीत लालसर थर, आणि त्यावर सगळीकडे सोनेरी दाणे. मी पाहतच राहिले. माझ्या लेकीचा जीव घ्यायला निघालेली वस्तू इतकी देखणी! डॉक्टर म्हणाले, "याच्या शास्त्रीय नावातही सोनं आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर द्राक्षाच्या घोसासारखा दिसतो." त्यांनी दुसरी ताटली पुढे केली. तिच्यात कागदाच्या बारक्या टिकल्या ठेवल्या होत्या, प्रत्येक टिकलीला वेगळं औषध लावलेलं. पेनिसिलिनच्या टिकलीला खेटून जंतू मजेत वाढले होते. "हा पेनिसिलिन खाऊन ढेकर देतोय," डॉक्टर म्हणाले. पण एका टिकलीभोवती स्वच्छ गोल जागा सुटली होती, चंद्राला खळं पडतं तशी. त्या खळ्याच्या आत एकही दाणा नव्हता. माझे हात आपोआप जोडले गेले. अबोला होता तरी जोडले गेले. एवढ्याशा काचेत मरण आणि त्यावरचा उतारा दोन्ही शेजारी शेजारी मांडून ठेवलेले, आणि आपण नाकात काय घेऊन फिरतो हेही आपल्याला ठाऊक नसतं!

त्या टिकलीचं औषध नवीन होतं आणि आमच्या गावात मिळत नव्हतं. कुसुमच्या वडिलांनी सगळी दुकानं पालथी घातली, मुंबईच्या दिरांना तार केली. औषध यायला वेळ लागणार होता, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तेवढा वेळ कुसुमकडे नाही.

मी व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकले. समोर सिल्लोडच्या एक बाई निघायची तयारी करत होत्या. काळा बुरखा, नकाब डोक्यावर टाकलेला. त्यांचा तरुण मुलगा मांडीच्या हाडात पू होऊन कितीतरी दिवस पुरुषांच्या वॉर्डात होता. आज कुबडीवर का होईना, स्वतःच्या पायांनी घरी चालला होता. बाईंनी नर्सशी काहीतरी बोलून माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून एक खोका काढला, मुलाच्या डोक्यावरून तीनदा ओवाळला आणि माझ्यापुढे धरला.

"बाई, माझ्या लेकाची दवा हाय, उरल्याली. मुंबईहून मागिवली व्हती. त्यो चालंल त्या दिवशी सदका काढीन, त्येच्यावरनं ववाळून दान दीन म्हनून मन्नत केली व्हती. लोक बकरं देत्यात, धान्य देत्यात. मी ह्येच देते. तुमच्या पोरीला हीच लागती म्हनं."

मी हात पुढे करणार तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "घिऊ नको! आंगावरनं ओवाळलेला उतारा हाय त्यो. त्याची पीडा आपल्या पोरीवर यील."

खरं सांगते, माझाही हात थबकला. चौकात कोणी उतरवून टाकलेल्या लिंबाला वळसा घालून जाणारी मी. दुसऱ्याच्या अंगावरून उतरवलेलं हाताला लागू द्यायचं नाही, हेच आईनं शिकवलेलं. बाईंना शब्द न् शब्द कळला होता. त्या रागावल्या नाहीत.

"आजी, पीडा दोघांचीबी येकच हाय. डाक्टरसाब बोलले ना, जंतू येकच. ती तर पोरीकडं कवाच आली. आता नुस्ती दवा यायची ऱ्हायलीय."

मी मनगट सोडवून घेतलं आणि देवळात प्रसादाला पसरते तसा पदर पसरला. त्यांनी खोका त्यात ठेवला, "अल्ला शिफा देगा, बरी हुईल पोर," म्हणाल्या आणि मुलाला घेऊन निघाल्या. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. डॉक्टरांनी एकेका कुपीचं सील तपासलं, नाव वाचलं, आणि तसेच आत धावले.

मुंबईचं औषध येईपर्यंत त्या कुप्या पुरल्या. डॉक्टरांनी गालाला चीर देऊन पू काढला, हळूहळू ताप उतरला. एका सकाळी कुसुमनं दोन्ही डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, रडतीस काय? चहा दे ना." डॉक्टर म्हणतात, पोर औषधानं वाचली. सासूबाई म्हणतात, देवीनं वाचवली. मी दोघांनाही व्हय म्हणते. मला एवढंच उमगलं की मी देवीपुढे इतकी वर्षं पदर पसरला, पण तिनं कोणाच्या हातून द्यावं हेही मीच ठरवून ठेवलं होतं. शरण जायचं तर तेवढा हट्टही सोडावा लागतो.

घरी जायच्या दिवशी मुंबईच्या खोक्यात काही कुप्या उरल्या होत्या. त्याच वॉर्डात पाचोडकडची एक बाई होती. तिच्या मुलीच्या पाठीवर मोठं गळू, आणि डॉक्टरांनी तिला हेच औषध सांगितलं होतं. मी कुप्या कुसुमवरून ओवाळल्या आणि त्या बाईपुढे धरल्या. ती दचकून मागे सरकली.

"उतारा हाय का वं बाई?"

"व्हय, उताराच हाय," मी म्हटलं. "माझ्या लेकीलाबी असाच आला व्हता."

तिनं कुसुमकडे पाहिलं. गालावरच्या ओल्या खुणेवर तिची नजर बराच वेळ थांबली. मग तिनं पदर पसरला.

त्या संध्याकाळी मी कर्णपुऱ्याला गेले, कापलेली तार देवीच्या पायावर ठेवली आणि अबोला सोडला. कुसुमनं लग्नात चापाची नथ घातली. दर नवरात्रात मी दोन ओट्या भरते. एक देवीची, आणि एक सिल्लोडच्या त्या बाईंच्या नावानं. तीही देवीच्याच पुढ्यात ठेवते, कारण त्यांचा दुसरा पत्ता मला ठाऊक नाही.