दामाचं सूतक

पळसाची पानं ओट्यावर रचून ठेवलेली होती. दर्भाच्या जुड्या, काळे तीळ, सुतळी, नारळ, सगळं आलं होतं. खाली पाण्याच्या काठी लाकडंही रचून झाली होती. फक्त मी हो म्हणायचं बाकी होतं, आणि मी म्हणत नव्हतो.

"गुरुजी, ऊन चढतंय," काशिनाथ म्हणाला. "बसायचं का?"

"थांब जरा."

समोरच्या घराच्या दारात त्याची भावजय सुमन उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. मागे तिच्या दोन मुली. पानांच्या पुतळ्यावर घालायला तिच्या नवऱ्याचे कपडे आतून आणायचे होते, आणि ती दारातून हलत नव्हती.

मी पौरोहित्य करतो. म्हणजे तेव्हा अर्धवट करत होतो. शहापूरचे यजमान, म्हणजे ज्यांच्याकडे पूजा, लग्नं, श्राद्धं आम्हीच करतो ती घरं, मी पुतण्याच्या हवाली केली होती. एक गाव मात्र सोडलं नव्हतं. धरण भरलं तेव्हा खालची शेतं आणि घरं पाण्यात गेली, पण टेकडीवरची वाडी राहिली. चारी बाजूंनी पाणी. उन्हाळ्याच्या शेवटी एका बाजूने चिखलातून वाट निघते, एरवी होडी. तिकडे जायला दुसरा कुणी पुरोहित तयार नव्हता. पुतण्या म्हणाला होता, "काका, मला पोहता येत नाही." पोहता मलाही येत नव्हतं. पण वाडीत शंकराचं देऊळ होतं, देवळाला लागून एक खोली होती, आणि मला तिथे बरं वाटायचं. अर्धा आठवडा तिकडे, अर्धा शहापूरला घरी. आमची ही म्हणायची, "रिटायर व्हायचं तर पुरते व्हा. हे काय हाफ डे?"

दामा हा काशिनाथचा धाकटा भाऊ. वय पस्तिशीच्या आत. भातशेती दोघांची एकत्र होती, आणि जोडीला दामा धरणात जाळी टाकायचा. नवरात्र संपल्यानंतर एका दुपारी वळवासारखा वारा सुटला. दामा तेव्हा पाण्यावर होता. दुसऱ्या दिवशी त्याची छोटी होडी पलीकडच्या काठाला पालथी सापडली. एक वल्हं सापडलं. दामा सापडला नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, पाण्यात बुडी मारणारे आले. खाली बुडालेल्या आमराईचे बुंधे अजून उभे होते, त्यात त्यांना फार शोधता येईना. ते परत गेले.

आता इथे माझ्या कामाचा प्रश्न सुरू होतो.

माणूस गेला की घराला सूतक लागतं. दहा दिवस देवपूजा नाही, मंगलकार्य नाही. पण ते मोजायचं कधीपासून? मृत्यू झाला हे नक्की हवं. देह मिळाला नाही तर आमच्याकडे एक विधी आहे. पळसाची पानं आणि दर्भ यांचा माणसाएवढा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्यालाच अग्नी द्यायचा. तिथून सूतक मोजायचं. पण नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं वाट बघायची, असंही ग्रंथात आहे. संकटात दिसेनासा झाला असेल तर लवकर करता येतं, असंही आहे. शेवटी ठरवायचं पुरोहिताने.

काशिनाथच्या मुलीचं लग्न वैशाखरे गावातल्या मुलाशी ठरलं होतं. मार्गशीर्षातली डेट फिक्स झाली होती. मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता की आधी तुमच्या घरातलं काय ते उरका, मग लग्नाचं बोला. म्हणून मला शहापूरहून बोलावून घेतलं होतं.

मी सुमनच्या ओट्यावर गेलो.

"सुमन, तुझं काय म्हणणं आहे?"

"मला कोण विचारतंय, गुरुजी?"

"मी विचारतोय."

ती म्हणाली, "मागं दोघं भाऊ भांडले व्हते. तवा हा न सांगता कसाऱ्याला गेला. घाटात रस्त्याचं काम चालू व्हतं, तिथं राह्यला. भात कापायच्या टायमाला आपला आपण आला. ह्या खेपेला बी भांडण झालंच व्हतं. पोहायला त्याच्यासारखा इथं कोण नाय. होडी बुडाली म्हणजे माणूस बुडाला असं कुणी सांगितलं?"

"आणि नसेल आला तर?"

"तर नाय आला. पण जिता असताना त्याला जाळू नका."

मी काशिनाथकडे वळलो. अंगणात भावकीतली बरीच माणसं बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कसाऱ्याला कुणी जाऊन आलं?"

एकाने तंबाखू मळायला घेतली.

"काशिनाथ?"

"तो बुडाला, गुरुजी. होडी मी बघितली."

"होडी मीही बघितली. कसाऱ्याला कुणी गेलं का, एवढंच विचारतोय."

"लग्नाचं घर हाय. मी कुठं कुठं धावू?"

"मग आज विधी होणार नाही," मी म्हणालो. मी पिशवी उचलली आणि उतरून काठाकडे चालू लागलो.

माझ्या मागे सगळं अंगण उठून आलं. वाडीत इंजिनाची होडी एकच होती आणि ती काशिनाथची होती. तो होडीला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून.

"होडी आज सुटणार नाय," तो म्हणाला.

"का?"

"तुमी काम केल्यावर सोडतो. तुमी नाय केलं तर मी मुरबाडहून दुसरा भटजी आणीन. पण मग तुमी परत इकडं यायचं नाय. देवळात पण नाय."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. इतक्या वर्षांत त्या वाडीत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मी तिथल्या मुलांची बारशी केली होती, त्यांचीच पुढे लग्नं लावली होती. आता तीच माणसं माझ्याभोवती उभी होती आणि कुणाच्या तोंडावर ओळख नव्हती. एकजण मागून म्हणाला, "पानं तोडून आणलीत, लाकडं घातलीत, आता मागं फिरायचं?" दुसरा म्हणाला, "बाईच्या नादी लागलेत." मी एका दगडावर बसलो. पाण्यावर वारा होता. रचलेली लाकडं मला दिसत होती. हो म्हणून टाकावं, असं मला अनेकदा वाटलं. शास्त्रात बसत होतं. कुणी मला बोट लावलं नसतं.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. दोघा भावांची आई काठी टेकत खाली उतरत होती. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. ती माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली.

"भटजी," ती म्हणाली, "माझा पोरगा पाण्यात हाय. थंडीत कुडकुडतोय तो. मला रोज ऐकू येतं. त्याला वाटेला लावा."

सुमनला उत्तर देता येत होतं, काशिनाथलाही देता येत होतं. म्हातारीला काय सांगायचं ते मला कळेना. तिचं दुःख खरं होतं आणि तिची मागणी रास्त होती. पोटच्या पोराची गती अडवून मी बसलो होतो, असंच ते दिसत होतं.

"आजी," मी म्हणालो, "तो गेला असेल तर मी त्याला वाटेला लावीन. माझा शब्द. पण तो असेल तर? जिवंत मुलाच्या नावाने तुमच्या घरात मी तीळ कसे सोडू? उद्या तो दारात आला, तर घरात घ्यायच्या आधी त्याचं बारसं पुन्हा करावं लागेल, लग्नापर्यंतचे सगळे संस्कार पुन्हा करावे लागतील. तसंच लिहिलंय. आणि सुमनच्या कपाळाचं काय सांगू तुम्हाला."

तिने काठी जमिनीवर आडवी ठेवली.

"तोवर एक करा. रोज तिन्हीसांजेला इथे काठावर दिवा लावा. तो जिवंत असेल तर त्याच्या नावाने लावलेला दिवा चालतो. नसेल तरी चालतो. त्याला अडचण नाही."

तिने विचारलं, "तो दिसंल का?"

"दिवा?"

"त्याला दिसंल का, विचारते."

"दिसेल," मी म्हणालो. ह्याला ग्रंथात आधार नव्हता.

म्हातारी काठीवर जोर देऊन उठली. "काशिनाथ, भटजींना पलीकडं सोडून ये," ती म्हणाली. "आन येताना कसाऱ्याला जा."

काशिनाथने दोरी सोडली. पलीकडचा काठ येईपर्यंत तो माझ्याकडे पाठ करून उभा होता.

तो कसाऱ्याला खरोखर गेला. रस्त्याच्या कामावर विचारलं, स्टेशनबाहेरच्या चहावाल्यांना विचारलं, घाटातल्या ढाब्यांवर विचारलं. दामाला कुणी बघितलं नव्हतं. शहापूरला माझ्या घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा तो थकलेला होता. आमच्या हिने त्याला जेवायला वाढलं. जेवता जेवता तो म्हणाला, "आता तरी करा, गुरुजी. पोरीचं लग्न मोडेल."

"लग्नासाठी विधी कशाला हवा?" मी म्हणालो. "मृत्यूच नक्की नाही तर सूतकच नाही. चल, मी वैशाखऱ्याला येतो."

मुरबाडहून एसटीने आम्ही वैशाखऱ्याला गेलो. मुलाचे वडील शेती करून भाताचा व्यापार करणारे, स्पष्ट बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा दिला आणि थेट विषयाला हात घातला.

"तो मेलाय हे अख्ख्या तालुक्याला माहीत हाय. तुमी कशाच्या जोरावर नाय म्हणता?"

"मी मेला नाही असं म्हणत नाही. मेला हे मला माहीत नाही, असं म्हणतो."

"आन लग्नानंतर बॉडी मिळाली तर?"

"तर कळलं त्या दिवसापासून त्यांच्या घराला सूतक. मुलगी तोवर तुमच्या घरची झालेली असेल. तिला फक्त अंघोळ."

"दोष लागला तर?"

"लग्न मी लावतोय. मला लागेल."

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. "तुमचं वय झालंय म्हणून ऐकतो," ते म्हणाले.

लग्न वाडीवरच झालं. वऱ्हाड होडीच्या खेपा करून आलं. सुमन कुंकू लावून हळद लावणाऱ्या बायकांत बसली होती. काही बायका तिच्यापासून जरा लांब बसल्या होत्या, ते मी बघितलं.

मी अंतरपाट धरायला सांगितला आणि मंगलाष्टकं सुरू केली. दुसरं कडवं चालू असताना काठाकडून एक कोळी घाईघाईने वर आला. तो काशिनाथच्या कानाला लागला आणि पाण्याकडे हात करून काहीतरी बोलला. काशिनाथचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं. मुलाच्या वडिलांनी काशिनाथकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मांडवात थांबणं म्हणजे सगळ्यांना सांगणं. घाई करणं म्हणजेही सांगणंच. मी कडवं आहे त्याच चालीत म्हणत राहिलो. अक्षता माझ्या मुठीत घामाने चिकटल्या होत्या. सगळी अष्टकं पूर्ण म्हटली, एकही गाळलं नाही. वाजंत्री वाजली, हार घातले गेले. मग मी आचमनाचं पाणी संपल्याचं निमित्त करून उठलो आणि काशिनाथबरोबर काठावर गेलो.

काठालगतच्या झुडपाला अडकून फुगलेलं काहीतरी तरंगत होतं. कोळ्याने बांबूने ते ओढून आणलं. ती कुणाची तरी कालवड होती.

काशिनाथ तिथेच चिखलात बसला आणि रडायला लागला. भाऊ हरवल्यापासून तो रडलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. मी त्याला रडू दिलं, मग म्हणालो, "तोंड धू. पाठवणी व्हायची आहे."

दामा वैशाखात सापडला. पाणी खाली गेलं होतं आणि बुडालेल्या आमराईचे बुंधे उघडे पडले होते. एका बुंध्यापाशी त्याचंच जाळं गुंतलेलं होतं, आणि जाळ्यात तो. कमरेच्या चांदीच्या करगोट्यावरून काशिनाथने ओळखलं. वाऱ्यात जाळं सोडवायला तो उतरला असणार. म्हणजे ज्या दिवशी मी विधीला नाही म्हणालो, त्या दिवशी तो वाडीपासून हाकेच्या अंतरावर होता.

पोलिसांचं काम उरकल्यावर मी चिखलातल्या वाटेने वाडीवर गेलो. ह्या वेळी पळसाची पानं लागली नाहीत. जे होतं त्याला काशिनाथने अग्नी दिला. म्हातारी शेवटपर्यंत बसून राहिली. भावकीतला एकजण मला ऐकू येईल असं म्हणाला, "हेच तवा केलं असतं तर म्हातारीचे सहा महिने वाचले असते." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

बायका सुमनकडे गेल्या तेव्हा तिचं कपाळ आधीच मोकळं होतं. तिने स्वतःच पुसलं होतं.

दहावा झाल्यावर मी निघालो. ती वाटेपर्यंत आली.

"गुरुजी, तवा तुमी पानं जाळली असती ना," ती म्हणाली, "तर मी जलमभर दाराकडं बघत बसले असते. लोकांनी मेला म्हटलं असतं, पर माझ्यासाठी तो मेला नसता. आता बघितला मी. आता नाय बघायची वाट."

मी मान हलवली. दोन्ही मुली चिखलात उतरून मला वाट दाखवायला पुढे झाल्या.

पुढे आणखी काही वर्षं मी ते गाव सांभाळलं. काशिनाथ मला आणायला पलीकडे होडी घेऊन यायचा, पण माझ्याशी पूर्वीसारखं बोलणं कधी झालं नाही. देह नसलेलं काम माझ्याकडे नंतरही दोनदा आलं. दोन्ही वेळा मी आधी हरवलेल्या माणसाच्या बायकोला विचारलं आणि मग पंचांग उघडलं.