उसाच्या ट्रॅक्टरवरची इंग्रजी कॅसेट

आपल्याला गाण्यातलं कळतं, हा समज मी रुखवतातल्या भांड्यांबरोबर सासरी घेऊन आले. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली पोर मी, वडिलांचं किराणाचं दुकान. तीन वर्षं पुण्याला शिकायला राहिले आणि परतले ती बोलण्यातलं हाय-न्हाय सोडून. सोबत चार कॅसेट होत्या. चारही एकाच विलायती बँडच्या, अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात तसल्या. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीनं दिलेल्या. गाणारा घशात घास अडकल्यासारखा गायचा आणि मधेच बेंबीच्या देठापासून ओरडायचा. घरातून हाकलल्या गेलेल्या, कुणालाच नको असलेल्या माणसांची गाणी होती ती. ती ऐकणारी अख्ख्या कोल्हापुरात मी एकटीच, असं मला वाटायचं, आणि त्याचा माज होता.

सासर कसबा बावड्यात. ऊस, दोन ट्रॅक्टर, आणि हंगामात कारखान्याला ऊस ओढायचं काम. नवरा बी.कॉम. झालेला, पण बोलणं शेतातलं. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. मी खोलीत कॅसेट लावून बसले होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "काय म्हनतोय ग त्यो? मला बी सांग की."

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले. वर हेही जोडलं, "गाढवाला गुळाची चव काय?" गुऱ्हाळ चालवणाऱ्याच्या नातवाला मी हे ऐकवत होते. तो हसला. नवी बायको चेष्टा करते असं त्याला वाटलं असावं.

महिनाभरानं त्यानं माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. शहरातल्या कॅसेटवाल्याकडे चार खेटे घालून, पुण्याहून मागवून आणलेली कॅसेट. त्याच बँडची. बँड तेव्हा मोडला होता आणि कंपनीनं चारही अल्बममधली चौदा गाणी उचलून ग्रेटेस्ट हिट्स म्हणून बाजारात आणली होती. त्यातलं एकूणएक गाणं माझ्याकडे होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. माणसाला नुसतं 'छान' म्हणायला काय जातं? मी म्हणाले, "ही कॅसेट गाणी ऐकणाऱ्यांसाठी नसते. ज्यांना कष्ट न करता ऐकल्यासारखं दाखवायचं असतं, त्यांच्यासाठी असते." मग मी त्याला समजावूनही सांगितलं की ते संथ गाणं मूळ अल्बममध्ये अगदी शेवटी येतं, आणि इथं ह्या अडाण्यांनी ते दोन धडाकेबाज गाण्यांच्या मध्ये कोंबलंय.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "पर ज्याला ठावं न्हाई, त्याला पयल्यांदा चांगलं चांगलंच वाढत्यात की," तो म्हणाला.

मी कॅसेट त्याच्या हातात परत दिली.

ती त्यानं ट्रॅक्टरवर नेली. आमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरला टेप आणि मडगार्डवर हे एवढे स्पीकर असतात. त्यांवर लावण्या वाजतात, देवाची गाणी वाजतात, सिनेमातली वाजतात. त्या हंगामात आमच्या ट्रॅक्टरवर रॉक वाजायला लागला. ड्रायव्हर नवऱ्याला म्हणाला, "मालक, ह्या गान्यावर डोळाच लागत न्हाई बगा. हीच ऱ्हाऊ द्या." एका दुपारी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. खालून दोन ट्रॉल्या ऊस भरून ट्रॅक्टर निघाला आणि त्यावर माझं ते संथ गाणं, रस्ताभर, कानठळ्या बसतील असं. पोरं ट्रॉलीतला ऊस ओढत मागं पळत होती. कुणीतरी माझ्या अंगावरचं पांघरूण भर चौकात ओढून घेतल्यासारखं मला झालं. संध्याकाळी मी नवऱ्याशी बोलले नाही. आठ दिवस बोलले नाही. का, तेही सांगितलं नाही. मला त्याचा खराखुरा राग आला होता, कारण गाणी त्याला आवडायला लागली होती. न आवडती तर मी त्याला माफ केलं असतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्याच्या कपाटात मला एक शंभर पानी वही सापडली. कॅसेटबरोबर गाण्यांचे शब्द छापलेला कागद आला होता. त्यावरून एकेक गाणं त्यानं सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं, खाली डिक्शनरी बघून मराठी अर्थ, आणि त्याखाली स्वतःला काय वाटलं ते. मी पहिली तीन-चार पानं वाचली आणि वही जपून ठेवली. दोन दिवसांनी पुण्याची ती मैत्रीण नवऱ्याला घेऊन आमच्याकडे येणार होती. एवढी मजा एकटीनं कशाला संपवायची?

ती दोघं आली. दुपारची जेवणं झाली. नवरा त्यांना द्यायला गूळ बांधून आणायला मागल्या खोलीत गेला. मी वही काढली. "आमचे हेही रॉकमधले जाणकार आहेत," असं म्हणून मोठ्यानं वाचायला लागले.

"गाणे दुसरे. ह्याला घरच्यांनी हाकललेले दिसते. तरी हा परत त्याच दारात जातो. मीपण गेलो असतो."

मैत्रीण हसली.

"गाणे पाचवे. ह्याचा अर्थ लागला नाही. लिहिणाऱ्यालापण लागला नसावा."

आता तिचा नवराही हसला, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं मी. मला चेव चढला. पुढची पानं मी स्वतः वाचलेली नव्हती, पण हात थांबेना.

"गाणे नववे. ह्यात आई मेलेली आहे. हे लागले की ती मोरीत जाऊन नळ सोडते. पाणी वाहते म्हणून एकदा दार वाजवणार होतो. वाजवले नाही. तिची आई ती बारा वर्षांची असताना गेली. आपण होऊन विचारायचे नाही. कधीतरी सांगेल."

मी रडते, हे मी जगात कुणाला सांगितलं नव्हतं. ह्या मैत्रिणीलाही नाही. मैत्रीण माझ्याकडे बघत होती आणि तिचा नवरा फरशीकडे. तिथं वही मिटता आली असती. तिथं मला रडताही आलं असतं, आणि सगळं निभावून गेलं असतं. मी पान उलटलं. "गाणे दहावे," मी म्हणाले, आणि हसत हसत दहावंही वाचून दाखवलं. कुणीच हसलं नाही. मान वर केली तर नवरा दारात उभा. हातात गुळाच्या दोन ढेपा. कधीपासून उभा होता, ते मी त्याला आजतागायत विचारलेलं नाही.

"पावणं, गूळ घिऊन जावा," तो मैत्रिणीच्या नवऱ्याला म्हणाला. "औंदाचा पयला हाय."

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मी जिंकले असते, आणि ते त्याला माहीत होतं. ट्रॅक्टरवर पुन्हा लावण्या वाजायला लागल्या. ड्रायव्हरनं एकदा कॅसेटचं विचारलं, तेव्हा नवरा म्हणाला, "टेपनं खाल्ली ती." तो माझ्याशी चांगलाच वागला. आजारपणात उशाशी बसला, माहेरी सोडायला आला, सणाला साडी आणली. मात्र मी काय ऐकते, काय वाचते, कशानं गप्प झाले, हे त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. सुरुवातीला मला बरं वाटलं. पुढं पुढं मी मुद्दाम तो घरात असताना गाणी लावायला लागले. दार उघडं टाकून, आवाज वाढवून. तो अंगणात बसून शांतपणे बियाण्याचा हिशेब लिहायचा. नाकारलेल्या माणसांची गाणी ऐकून मी बादलीभर रडले असेन, आणि समोरच्या माणसाला मी एका दुपारीत नाकारून मोकळी झाले होते. मला गाण्यातलं काडीचंही कळत नव्हतं. गाण्यातली माणसं लांब होती म्हणून त्यांचा कळवळा यायचा, एवढंच.

पुढं मुलगी झाली. ती बापाची. शाळा सुटली की त्याच्याबरोबर शेतावर. बोलणंही त्याचंच, मी कितीदा हसून हटकलं तरी. आठ वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. सकाळी तिची वेणी घालत होते आणि ती काहीतरी गुणगुणत होती. माझे हात थांबले. ते नववं गाणं होतं, सुरात, आणि शब्दही बरोबर.

"कुणी शिकवलं?"

"आप्पांनी. शेतावरच्या खोपीत टेप हाय. आमी दोघं ऐकतो."

म्हणजे टेपनं काहीही खाल्लेलं नव्हतं. इतकी वर्षं तो ऐकतच होता, फक्त माझ्या कानाआड.

"काय आहे गं त्या गाण्यात?"

"आप्पांनी समदं सांगितलंय," ती म्हणाली. "रडू आलं तर रडायचं म्हनत्यात."

"मग मलाही सांग की." मी तिच्याकडे भीक मागत होते.

"न्हाई."

"का? आप्पांनी नको म्हणून सांगितलंय?"

"आप्पा कुटं काय म्हनत्यात," ती म्हणाली. "तू हसतीस."

मी तोंड उघडलं ते 'नाही हसणार' म्हणायला. पण आठ वर्षांच्या पोरीनं मोठ्या बाईसारखं तोंड करून ते सांगितलं, त्याचंच मला हसू फुटलं. आलेलं हसू आवरायची सवय मी कधी लावूनच घेतली नव्हती. तिनं अर्धी वेणी माझ्या हातातून सोडवून घेतली आणि उरलेली स्वतःच घालायला लागली.