बायकांच्या दवाखान्यातला अविराज

वरकुट्याचा अविराज म्हणजे माझ्या पुतणीचा, अनिताचा मुलगा. चोवीस वर्षांचा, डाळिंबाची बाग सांभाळतो. अनिता गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली तेव्हा तो बारावीत होता. शेवटी शेवटी आईची पातळं तोच धुवायचा. आता बावड्याच्या स्वरूपाशी लग्न ठरलं, तर हा पठ्ठ्या बारामतीला जाऊन एचपीव्हीची लस टोचून आला. शरीरसंबंधातून हा विषाणू पसरतो, बाईला बहुतेक वेळा पुरुषाकडूनच मिळतो आणि पुरुषालाही घशाचा कॅन्सर देऊ शकतो. मग त्यानं लस का घेऊ नये?

पण लस मिळाली ती बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाकावर सगळ्या पोटुशा बायका, मध्ये हा मिशीवाला एकटा. नेमकी तिथं स्वरूपाची आत्या! आमच्याकडे सोयरीक जुळली की चौकशीला माणसं फिरतात. या बाईंना फिरावंही लागलं नाही. संध्याकाळी बावडाभर बातमी झाली: पोरानं कुणाला तरी अडचणीत आणलंय.

दुसऱ्या दिवशी स्वरूपाचे वडील दत्तोबा अविराजच्या दारात. मी तिथंच होते. चहाला शिवले नाहीत.

"पावनं, खरं सांगा. काय लफडं हाय?"

अविराजनं आईचं सगळं सांगितलं, ताठ मानेनं.

"चांगल्या घरची पोरं असली इंजेक्शनं घेत न्हाईत," दत्तोबा म्हणाले.

"गुरांत लम्पीची साथ आली तेव्हा तुमच्या खिलारी खोंडाला लस टोचलीत ना?" मी विचारलं. "तेव्हा त्याचं चारित्र्य तपासलंत?"

"आक्का, खोंडाचं येगळं."

"व्हय, त्याची किंमत कळते तुम्हाला!"

ते ताडकन उठले. "लग्न मोडलं समजा."

अनिताला अंगावरून जात होतं तेव्हा सगळे म्हणाले, बायकांचं असतंच. ती मेली तरी ते बायकांचंच. आणि मुलानं दंड पुढे केला की लफडं!

दुसऱ्या डोसला मी अविराजबरोबर गेले. त्याच बाकावर स्वरूपा बसलेली.

"मी आधी आलेय, नंबर माझा," ती त्याला म्हणाली. "मलाबी घ्यायचीय. आणि लग्न मोडलंय का न्हाय, ते मी सांगणार."

ती बाकावर सरकली, अविराज शेजारी बसला.

दत्तोबा बाहेर जीपपाशी, दवाखान्याकडे पाठ करून उभे होते. लेकीनं ओढत आणलं असणार. मी दारातूनच ओरडले, "या की आत, दत्तोबा. बायकाच हायेत, चावत न्हाईत!"

वळलेसुद्धा नाहीत.