आत्याकडून एक गुंड

अंगणवाडीच्या मानधनात एकटीचं आरामात भागतं, असं लोक म्हणतात. एकटीच्या घरी गॅस अर्ध्या भावात मिळतो की काय, कोण जाणे. माझं अक्षर चांगलं, म्हणून गाव माझ्याकडून पाट्या, फलक, लग्नपत्रिकांवरचे पत्ते सगळं फुकटात लिहून घ्यायचं. शेवटी मी भांड्यांवर नावं टाकायची छोटी मशीन घेतली आणि घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी, अंगणवाडी सुटली की, एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसू लागले. दुकानवाल्या चाचांनी आतून वायर ओढून दिली. भाडं घेत नाहीत. “ताई, तुमी बसल्यानं गिऱ्हाईक थांबते,” म्हणतात.

लग्नसराईत बरं चालतं. आंदणाच्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव लागतं. मामा, मावशी, काका, सगळे माझ्या हाताखालून जातात. माझ्या स्वतःच्या घरात एकाही भांड्यावर नाव नाही. भांड्यांची अदलाबदल व्हायला शेजारी एखादं ताट तरी जावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात कळंबकडचा एक माणूस चाचांच्या दुकानातून बारा भांडी निवडून ओट्याशी आला. सोबत नावांची चिठ्ठी होती. चिठ्ठी हातात घेतली आणि अक्षर ओळखलं. माझ्या भावाचं. आम्ही एकाच पाटीवर शिकलो. वर नवरीचं नाव होतं. ते नाव बारशाला मीच तिच्या कानात सांगितलं होतं.

तिचं लग्न ठरल्याचं मला असं कळलं.

वडील गेल्यावर भावाने शेताच्या हक्कसोडीचा कागद पुढे केला होता. मी सही केली नाही. मला काही ते वावर वाहायचं नव्हतं. नवऱ्याचं घर सुटलेलं, निदान माहेरच्या कागदावर तरी आपलं नाव असावं, एवढंच वाटत होतं. तेव्हापासून भाऊ बोलत नाही. हा माणूस वहिनीच्या माहेरचा निघाला, मला ओळखत नव्हता. चिठ्ठीत शेवटी पाणी भरायच्या भांड्यापुढे लिहिलं होतं: पितळी गुंड, आत्याकडून.

“आत्या येऊन राह्यली का लग्नाले?” मी विचारलं.

“नाही जी. बहीण-भावाचं बोलणं नाही म्हणते. पण मांडवात माइकवर आंदण पुकारतात ना. आत्याचं नाव नाही आलं तं लोकं इचारतीन.”

म्हणजे पुकारायला आत्या हवी होती, पंगतीला नको होती. मला फार राग आला. त्या गुंडावर जितकं सुबक अक्षर उमटलं, तितकं आजवर कुठल्याच भांड्यावर उमटलं नव्हतं.

“गुंडाचे पैसे चाचाले मी देतो,” मी म्हटलं. “तिच्या बापाले सांगा, आत्यानं देल्ले.”

आत्या म्हणजे मीच, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग म्हणाला, “आत्या, तुमी चला नं लग्नाले.”

“ज्याच्या घरचं लग्न हाय, त्याले बलावू द्या.”

लग्नाला आठवडा होता. मी जांभळ्या साडीला इस्त्री करून ठेवली. फोन अंघोळीला जातानासुद्धा दाराशी ठेवायचे. खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. एका फोनवर गेले असते. लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि साडी परत पेटीत ठेवली.

पुढच्या बाजाराला तो माणूस पुन्हा आला. खिशातून घडी केलेल्या नोटा काढून माझ्यापुढे धरल्या. “भावानं धाडले,” तो खाली बघत म्हणाला. “म्हणे, तिचं काही नको.”

“गुंड पुकारला का?”

“पुकारला नं. आत्याकडून एक गुंड.”

मी नोटा घेतल्या. माझं काही नको, तर माझं नावही पुकारायला नको होतं, असं सांगून पाठवावंसं वाटलं. नाही सांगितलं. आत जाऊन चाचांना तसलाच गुंड काढायला लावला, त्याच नोटा त्यांना दिल्या, आणि ओट्यावर येऊन मशीन सुरू केली.

“कोनाचा हाय हा?” चाचांनी विचारलं.

“माझा. माहेरचा.”

त्याच्यावर मी ‘भावाकडून’ असं टाकलं. पैसे त्याचेच होते, त्यामुळे खोटं काही लिहिलं नाही. घरी नेऊन चिंचेने घासला आणि पाणी भरून ठेवला.