काजळीची परीक्षा

माझ्या मावशीने आयुष्यभर लोकांना वाइन प्यायला नेलं आणि स्वतः थेंबही चाखला नाही. ती टॅक्सी चालवायची. "स्टिअरिंग आणि ग्लास म्हणजे सवती, एका घरात नांदत नाहीत," म्हणायची. प्रवासी आत घोट घेत बसले की ही बाहेर बॉनेटला टेकून थर्मासातला चहा प्यायची.

तरी शब्द तिचाच चालायचा. नावाजलेल्या द्राक्षबागेची पाटी दिसली की ती गाडी पुढे दामटायची. "तिथे लोक फोटो काढायला जातात," म्हणत डोंगरापलीकडच्या एका आडबाजूच्या खोऱ्यात वळायची. तिथे काजळी पिकते. बारीक, काळी, जाड सालीची द्राक्षं. दुसरीकडे लावली की रुसून बसतात. मावशीच्या भरवशावर लोक तिथे जायचे आणि वाइनच्या पेट्या भरून आणायचे.

यंदा तिची नजर अधू झाली, म्हणून गाडीची किल्ली तिने माझ्या हातात ठेवली. ठेवली म्हणजे काय, तीनतीनदा परत मागून घेतली. शेवटी मीच म्हटलं, "आता मागे बस. एकदा चाखून तरी बघ."

बागवाले काका फाटकातच उभे होते, चेहरा उतरलेला. पिंपांच्या गार खोलीत नेऊन त्यांनी मावशीपुढे काजळीच्या वाइनचा ग्लास धरला.

"मुलगा म्हणतो, काजळी उपटू आणि नावाजलेली जात लावू. मी म्हटलं, इतकी वर्षं हिने गिऱ्हाइकं आणली, तिच्या जिभेला पटली तर राहील. नाहीतर उपट."

मावशीला खोटं बोलता येत नाही. मी नवऱ्याची ओळख करून दिली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "कान जरा मोठे आहेत."

तिने घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"आंबट आहे हो, काका."

"कोल्ह्याला न मिळालेली द्राक्षं आंबट लागतात," काका कसंनुसं हसले. "तुला तर ग्लासभर मिळाली! मग इतकी वर्षं कशाच्या जोरावर सांगत होतीस?"

"माझ्या मागच्या सीटच्या. बड्या बागांतून निघालेले घोरत परततात. तुमच्याकडचे गात परततात. डोकं उठवतात नुसतं!"

टाकून द्यायला हात धजत नाही म्हणून मावशीने ग्लास संपवला. वर आग्रहाचा दुसराही.

परतताना मला फार वाईट वाटत होतं. त्या भल्या माणसाची बाग आमच्यामुळे जाणार होती. आणि मावशीला काही सांगायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. गाण्याचं तर तिला इतकं वावडं, की गाडीतला रेडिओही तिने उपटून टाकला होता.

उताराच्या वळणावर मागून घरघर ऐकू आली. इंजिन बिघडलं असं वाटून मी गाडी हळू केली. घरघर वाढली. आरशात पाहिलं तर मावशी खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून, भसाड्या आवाजात गात होती. शब्द अर्धे विसरलेले, पण ठेका पक्का.

"मावशी!"

ती दचकून गप्प झाली. मग तिलाच हसू आवरेना.

"अगं, बघतेस काय? वळव गाडी, तो पोरगा कुदळ काढायच्या आत. आणि काच खाली कर. फाटकापासूनच ऐकू गेलं पाहिजे."